वाचकांचे प्रश्न : सोलचं हायस्कूल आणि आपली अकरावी

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, मुलगी दहावीत. मुलाची तुकडी विनाअनुदानित, त्यामुळे फी भरपूर, वर क्लासचा खर्च. पुतण्या नोकरीनिमित्त सोलला असतो. तो म्हणतो, तिकडे हायस्कूल फुकट आहे. अकरावी-बारावीवर कोरियाचं सरकार किती खर्च करतं आणि आपलं किती, हे ताडून कसं बघायचं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, पुतण्या म्हणतो ते खरं आहे. दक्षिण कोरियात २०१९च्या दुसऱ्या सत्रात शेवटच्या वर्षाची मुलं, २०२०मध्ये मधलं वर्ष आणि २०२१पासून तिन्ही वर्षं, अशा टप्प्यांनी हायस्कूल मोफत झालं. प्रवेश फी, शिकवणी फी, शाळा चालवण्याचा आकार आणि पुस्तकं, सगळं माफ. एका मुलामागे घरचे वर्षाला सुमारे १६ लाख वॉन वाचतील, असा सरकारचा हिशेब होता. मुख्य म्हणजे तिथे सक्तीचं शिक्षण नववीपर्यंतच आहे. हायस्कूल सक्तीचं नाही, तरी सरकारने ते अंगावर घेतलं. आपल्याकडे २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीला संपतो.

वॉनचे रुपये करून तुलना करू नका. शाळेचा बहुतेक पैसा शिक्षकांच्या पगारात जातो आणि पगार त्या त्या देशाच्या राहणीमानाप्रमाणे ठरतो. म्हणून एका विद्यार्थ्यामागचा सरकारी खर्च त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या किती टक्के, ते बघा. अशा तुलनेच्या तक्त्यात भारताच्या रकान्यात नववी ते बारावी धरलीय की फक्त अकरावी-बारावी, तेही तपासा. आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पात २२०२ या लेखाशीर्षाखाली माध्यमिक शिक्षणाचा खर्च सापडेल, पण त्यात खालचे वर्गही असतात.

कोरियाच्या आकड्यात आणखी एक गोष्ट आहे. तिथे देशाच्या करांतला २०.७९ टक्के वाटा कायद्यानेच शालेय शिक्षणाला जातो. मुलं दरवर्षी कमी होताहेत, करवसुली वाढली की या वाट्याची रक्कम वाढते. त्यामुळे नवा निर्णय न घेताही दर मुलामागचा खर्च चढत जातो.

आता खासगी संस्थांचं बघा, कारण तुमचं दुखणं तिथे आहे. कोरियातही खासगी हायस्कूलं पुष्कळ आहेत. १९७४मध्ये सोल आणि बुसानपासून सरकारने प्रवेश सोडतीने द्यायला सुरुवात केली, फी ठरवणं आपल्या हातात घेतलं आणि पगारात कमी पडेल ते खासगी शाळांना भरून द्यायला लागलं. काही स्वायत्त खासगी शाळा वगळता मोफत शिक्षण तिथेही पोचलं. आपल्याकडे अनुदानाची परंपरा जुनी, पण नंतरच्या काळात नव्या संस्थांना विनाअनुदान तत्त्वावरच मान्यता मिळत गेली, आणि मग अनुदान आलं ते २० टक्के, ४० टक्के अशा हप्त्यांनी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचो तेव्हा शिक्षकखोलीत एकाच टेबलाशी दोन शिक्षक बसत. विषय एक, पुस्तक एक. एकाचा पगार शासनाच्या वेतनपथकाकडून, दुसरा संस्थेच्या पैशावर, तासिका तत्त्वावर, सुट्टीत तोही नाही. दुसऱ्याचं मानधन कुठून यायचं? तुमच्यासारख्या पालकांच्या फीतून. देशाचा सरासरी आकडा काढताना या दोघांच्या वर्गातली मुलं एकत्र मोजली जातात. मला याचा आजही संताप येतो.

क्लासच्या बाबतीत मात्र कोरियाही सुटलेला नाही. २०२३मध्ये तिथल्या पालकांनी शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर २७.१ लाख कोटी वॉन खर्च केले. सरकारी खर्चाच्या तक्त्यात हे येत नाही, तसा लातूरच्या क्लासचा पैसाही येत नाही. तेव्हा पुतण्याला फी विचारलीत, तशी ‘हागवॉन’ची, म्हणजे तिथल्या खासगी क्लासचीही विचारा.

मुलीसाठी आत्ताच एक करा. अकरावीचा पसंतीक्रम भरताना कॉलेजच्या नावापुढे तुकडी अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, ते वाचा. एकाच कॉलेजात तिन्ही असू शकतात. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. कॉलेजने इतर शुल्क सांगितलं, तर प्रत्येक बाबीची पावती मागा.