डॉ. आनंदीबाई जोशी यांनी भारतात परतल्यावर रुग्णसेवा केली होती का?

नाही, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्यात आली होती, परंतु त्या पदावर काम करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झालेल्या आनंदीबाई त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची 22 वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड असून, शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी त्यांची नोंद त्यावर कोरलेली आहे. मात्र ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ हे बिरुद पदवीपुरते, तेही पाश्चात्त्य वैद्यकापुरते, समजावे: कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली त्याच वर्षी डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षे व्यवसायही केला, तर आपल्याकडील रखमाबाईंनी 1895 पासून सुरतेत रुग्णसेवा केली.