पावसाळ्यात प्रायमरी कल्चर (थेट ऊतकातून काढलेल्या पेशी वाढवणं) सुरू करताय? आधी हे वाचा

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, म्हणजे पहिली शत्रू बुरशी. पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूममध्ये नेऊच नका. ओल धरलेला पुठ्ठा हे बीजाणूंचं घरच. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी दर आठवड्याला बदला. पुसायला ७० टक्केच अल्कोहोल घ्या. त्याहून तीव्र असलं की ते भुर्रकन उडतं आणि जंतू वाचतात.

ऊतक थंड बफरमध्ये आणा, साधारण १ मिमीचे तुकडे करा आणि कोलॅजिनेजमध्ये (ऊतक पचवून पेशी सुट्या करणारं विकर) ३७ अंशांवर ठेवा. प्रोटोकॉलमधल्या वेळेवर विसंबू नका, दर १० मिनिटांनी एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. पचन जास्त झालं तर पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएचा शेंबडासारखा गोळा होतो. पिपेटनं तो घुसळत बसू नका. थोडं डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) घातलं की सुटतो.

एपिथेलियल (अवयवांच्या अस्तरातल्या) पेशी हव्या असतील तर फायब्रोब्लास्टवर (संयोजी ऊतकातल्या पेशींवर) नजर ठेवा, ते बघता बघता अख्खी प्लेट व्यापतात. मात्र ट्रिप्सिनमध्ये (पेशी प्लेटवरून सोडवणारं विकर) तेच आधी सुटतात, तेवढे काढून टाका.

अँटिबायोटिक सुरुवातीचे काही दिवस ठीक. कायम ठेवलंत तर संसर्ग दबून राहतो. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला पेशीभित्तिकाच नसल्यानं पेनिसिलिन त्याचं काही बिघडवत नाही. तो पीसीआरसारख्या चाचणीनं शोधा.

पेशी लवकरच्या पॅसेजलाच (नव्या प्लेटमध्ये फार वेळा हलवण्याआधीच) गोठवा: १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव), मिनिटाला १ अंशानं थंड करत. आणि वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून बघू नका, आतली ऊब जाते.