इंधनाचा पंप गेला की नुसती अर्थची वायर गंजली?

प्रश्न : जुना पेट्रोल पिकअप, इंजेक्शनचा. गरम झाल्यावर बंद पडतो, अर्धा तास थांबलं की सुरू होतो. टाकीतला इंधनाचा पंप बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. तपासणी बिघाड असतानाच करा. गार झालेली गाडी काहीच सांगत नाही. आधी स्पार्क (प्लगची ठिणगी) पाहा. तो नसेल तर गरम झाल्यावर दगा देणाऱ्या क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कळवणाऱ्या) संशय घ्या.

स्पार्क असेल तर चावी ऑन करून टाकीजवळ कान द्या. २-३ सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज, रिले (पंपाला वीज देणारा स्विच) बघा. मग स्टार्टर फिरवत पंपाच्या वायरिंगच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा १ व्होल्टहून जास्त कमी भरलं, तर दोष वायरिंगचा. जुन्या पिकअपमध्ये चॅसीवरची गंजलेली अर्थच (पंपाची निगेटिव्ह जोडणी) बहुतेकदा नडते, आणि बिचारा चांगला पंप फेकला जातो! व्होल्टेज, अर्थ ठीक असूनही पंप गप्प, तर तो गेलाच.

गुणगुण आहे? मग रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) दाबाचं गेज लावा. मल्टीपॉइंटला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) साधारण ३ बार, सिंगल पॉइंटला (सगळ्यांना मिळून एकच) जेमतेम १. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. दाब कमी असेल तर आधी फिल्टर बदला. दाब राखणाऱ्या रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल दिसलं, तर त्याचा पडदा फाटलाय. लाइन उघडण्यापूर्वी दाब मात्र उतरवा.