सागाचं काम मागे ठेवून स्वीडनला येताय, तर…

तुम्ही लिहिलंय की दापोलीला वनशास्त्रात एम.एस्सी. केलंत, चंद्रपूरकडे सागाच्या क्लोनल बीजोद्यानात (निवडक झाडांची कलमं लावलेली बियांसाठीची बाग) मापं घेतलीत, आणि आता उत्तर स्वीडनमध्ये झाडांची वाढ आणि आनुवंशिकी या विषयात पीएच.डी.ची जागा मिळतेय. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. काय शिकून यावं, कोणते नमुने आणावेत, मुलीच्या मराठीचं काय, आणि परतीचा रस्ता उरतो का, हे तुमचे प्रश्न. व्हिसा, घरभाडं, विमा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सोडते. खरं सांगायचं तर तुमच्या शेवटच्या प्रश्नामुळेच लिहायला बसले.

आधी नमुन्यांचं. सागाची पानं सिलिका जेलमध्ये वाळवून बॅगेतून आणू, असं मनात असेल तर काढून टाका. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे संशोधनासाठी जैविक संसाधन मिळवायला परदेशी माणसाला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, तशीच ती अनिवासी भारतीय नागरिकालाही लागते. अनिवासी कोण, हे आयकर कायद्याच्या व्याख्येवरून ठरतं. म्हणजे नोकरीसाठी बाहेर राहायला लागलात की पासपोर्ट भारताचाच राहतो, पण ज्या झाडाला तुम्ही स्वतः नंबर घातला त्याचं पान अभ्यासासाठी तोडायला तुम्ही परके. हळद आणि कडुलिंबाच्या पेटंटांचा इतिहास पाहता असा कायदा हवाच होता. तरी टोचायचं ते टोचतंच. ‘नुसता डीएनए काढून ट्यूब आणली तर?’ हा प्रश्न सगळे विचारतात. जनुकीय द्रव्यही त्या व्याख्येतच येतं, त्यामुळे सुटका नाही. बिया आणायच्या तर युरोपीय संघाचे वनस्पती-आरोग्याचे नियम आणखी वेगळे.

म्हणून रहिवासी असतानाच, वनविभागाची लेखी परवानगी घेऊन, बीजोद्यानातल्या प्रत्येक रॅमेटचं, म्हणजे एखाद्या क्लोनच्या (एकाच मूळ झाडाच्या) एकेका कलमाचं, पान घ्या आणि जनुकीय खुणांचं काम, म्हणजे कोणतं झाड खरंच कोणत्या क्लोनचं हे डीएनएवरून ओळखणं, भारतातल्याच प्रयोगशाळेत करून घ्या. कोवळी पानं घ्या, जून नकोत. सागात पॉलिफेनॉल भरपूर. डीएनए काढायच्या द्रावणात (सीटॅब बफर) पॉलिफेनॉलना आवरायला २ टक्के पीव्हीपी आणि ऐन वेळी मरकॅप्टोइथेनॉल घातलं नाही तर डीएनएचा गोळा तपकिरी येतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) चालत नाही. ही तपासणी टाळू नका. डोळा भरलेल्या कलमात खुंटाची फूट जोर धरते, कलम मरतं, आणि पाटीवर मात्र क्लोनचा नंबर तसाच राहतो. अशी रॅमेट हिशेबात गेली की क्लोनांमधला फरक पुसट होतो आणि आनुवंशिकता (झाडाझाडांतल्या फरकातला जनुकांचा वाटा) खरी असते त्याहून कमी दिसते. पुढे केंद्र सरकारने मान्य केलेला दोन देशांतल्या संस्थांचा सहकार्य प्रकल्प असेल, तर कलम ५ खाली वाट निघते. पण तो करार संस्था करतात, विद्यार्थी नाही. भारतातला सहमार्गदर्शक आत्ताच पक्का करा.

आता मापांचं. आपल्याकडे छातीची उंची १.३७ मीटर आणि टेपने घेर सेंटिमीटरमध्ये, इथे १.३ मीटर आणि कॅलिपरने व्यास मिलिमीटरमध्ये. घेराला ३.१४ ने भागणं सोपं. उंचीतला ७ सेंटिमीटरचा फरक मात्र भोवतो. खोड मीटरमागे १ सेंटिमीटर निमुळतं होत असेल तर व्यासात जेमतेम ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो. तो क्षुल्लक वाटेल, पण उत्तरेकडच्या हळू वाढणाऱ्या पाइनमध्ये वर्षाची व्यासवाढ २ मिलिमीटरच असेल, तर एका फेरीत जुन्या सवयीने वर आणि पुढच्या फेरीत खाली मोजलं की वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ कागदावर फुकट उगवते. पहिल्या मापाला खोडावर रंगाची रेघ मारा, पुढची मापं तिच्यावरच घ्या.

वाढीचा गिरमिट, म्हणजे खोडातून लाकडाची बारीक कांडी (गाभा) काढायचं पोकळ हत्यार, मागवताना सागासाठी दोन आट्यांचा घ्या. तीन आट्यांचा मऊ लाकडात झपाट्याने शिरतो, कठीण लाकडात ताण घेतो. उतारावर भोक उताराच्या आडव्या दिशेने पाडा. पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांत खालच्या बाजूला आणि सागासारख्या रुंदपर्णी झाडांत वरच्या बाजूला ताणाचं वेडंवाकडं लाकूड बनतं, तिथल्या वर्षावर्षाच्या वाढीच्या कड्या रुंदीबद्दल खोटं बोलतात. थंडीत गोठलेल्या खोडात गिरमिट घालू नका, अडकतो किंवा तुटतो. गाभा कागदी नळीत ठेवा. बंद प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवताना तंतू उभे हवेत. आडवे चिकटले तर कितीही पॉलिश करा, कड्या दिसणार नाहीत. सागात पावसात मोठा खंड पडला की खोटी कडी उठते, म्हणून एका झाडाचे निदान दोन गाभे घेऊन एकमेकांशी ताडून पाहा. आणि गाभ्यावरचं वय हे छातीच्या उंचीचं वय. इथला पाइन तिथवर पोचायलाच दहाहून अधिक वर्षं घेऊ शकतो. जमिनीची प्रत इथे टी-२४, जी-२८ अशी लिहितात: शंभराव्या वर्षी पाइन २४ मीटर, स्प्रूस २८ मीटर. वय चुकलं की प्रत चुकते, आणि विरळणीचं सगळं वेळापत्रक हलतं.

जनुकांचं आकर्षण मला कळतं. उत्तर स्वीडनमधल्या उमेओच्या वनस्पती विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने स्प्रूसचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २० अब्ज अक्षरं, माणसाच्या सहापटींहून जास्त. म्हणूनच अख्खा जीनोम वाचण्याऐवजी सुमारे ५० हजार खुणांची चिप वापरतात. पण तुमचा बहुतेक वेळ संततिचाचण्यांच्या (निवडक झाडांची रोपं शेजारी लावून केलेल्या तुलनांच्या) जुन्या वह्यांत जाईल, आणि त्या स्वीडिशमध्ये असतात. ‘टाल’ म्हणजे पाइन, ‘ग्रान’ म्हणजे स्प्रूस, इतकं तरी शिकून या. खुल्या परागीभवनाच्या कुटुंबांत (आई ठाऊक, बाप नाही) जनुकीय फरक काढताना कुटुंबांमधल्या विचरणाला डोळे झाकून ४ ने गुणू नका. स्वपरागीभवन आणि सख्खी भावंडं मिसळलेली असतात, त्यामुळे आकडा फुगतो, म्हणून बरेच जण ३ किंवा २.५ घेतात. चाचणीच्या नकाशात पहिली ओळ कोणत्या कोपऱ्यातून सुरू होते ते जागेवर जाऊन पाहा. मूस या मोठ्या हरणाने शेंडा खाल्लेल्या झाडाची वेगळी नोंद करा, नाहीतर चवदार कुटुंब बुटकं ठरतं.

चाचण्या जंगलात, बस रस्त्यावर, म्हणून गाडी यायला हवी. भारतीय परवान्यावर इथे नोंदणी झाल्यापासून एकच वर्ष गाडी चालवता येते आणि तो बदलून मिळत नाही, परीक्षा नव्याने. गिअरच्या गाडीवर द्या.

मुलीचं. मातृभाषेच्या शिकवणीचा हक्क इथे कायद्यात आहे, पण कम्यूनमध्ये (स्थानिक पालिकेत) निदान पाच मुलं आणि योग्य शिक्षक असेल तरच ती देणं बंधनकारक. उत्तरेकडे मराठीची पाच मुलं जमणं कठीण. आम्हाला सुचवलं गेलं, ‘हिंदी चालेल का? तुमचीच भाषा ना?’ वाईट हेतू नव्हता. पण माझी मुलगी आजीशी फोनवर स्वीडिश वळणाचं मराठी बोलायला लागली की ते वाक्य मला अजून आठवतं, आणि दर वेळी राग येतो. अर्ज तरीही दरवर्षी द्या. घरी वाचन रोजचं ठेवा, सुट्टीपुरतं नको.

एकटेपणा आहे. डिसेंबरात उमेओला दिवस साडेचार तासांच्या आसपास. ड जीवनसत्त्व घ्या, लोकांना घरी जेवायला बोलावा.

परतीचा रस्ता नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी आखायचा असतो, नंतर तो फक्त मनात राहतो. माझा तसाच राहिलाय. पीएच.डी. चार वर्षांची, चाचणीतून भरवशाचं माप मिळायला दहा-पंधरा वर्षं. त्यामुळे ‘नवी चाचणी लावू’ या आश्वासनावर येऊ नका. मार्गदर्शकांना ई-मेलवर चार गोष्टी विचारा: कोणती जुनी चाचणी मिळेल, तिची शेवटची मापणी कोणत्या वर्षाची, नकाशा कोणाकडे आहे, आणि विदा (डेटा) घेऊन मला पुढे भारतातून काम करता येईल का. शेवटच्याचं उत्तर लेखी घ्या. आणि प्रबंधातलं एक प्रकरण सागावर असेल, हे भारतातल्या सहमार्गदर्शकाच्या नावासकट अभ्यासयोजनेत पहिल्याच वर्षी घालून घ्या.