१९७७ साली जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात आलेला 'समुद्री राक्षस' नेमका काय होता?

बहुधा बास्किंग शार्क, म्हणजे मुशीचीच एक अवाढव्य जात.

एप्रिल १९७७ मध्ये न्यूझीलंडजवळ 'झुइयो मारू' या ट्रॉलरच्या जाळ्यात सुमारे ३०० मीटर खोलीवरून एक कुजकं धूड वर आलं. लांबी दहाएक मीटर, वजन जवळजवळ १,८०० किलो. लांब मान, इवलंसं डोकं, चार पर. फोटो पाहून लोकांना थेट प्लेसिओसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातला लांब मानेचा, नामशेष झालेला समुद्री सरपटणारा प्राणी आठवला. पकडलेले मासे नासतील म्हणून खलाशांनी धूड परत समुद्रात टाकलं. त्याआधी फोटो काढले आणि पराचे थोडे तंतू कापून ठेवले, हे नशीबच!

त्या तंतूंतली अमिनो आम्लं शार्कच्या परातल्या इलास्टॉइडिन या प्रथिनाशी जवळपास तंतोतंत जुळली.

मग मान कुठून आली? बास्किंग शार्क कुजू लागला की जबडा आणि कल्ल्यांचा सैल भाग आधी गळून पडतो. उरते छोटी कवटी आणि पाठीचा कणा, म्हणजे हुबेहूब मान. १८०८ मध्ये स्कॉटलंडच्या स्ट्रॉन्से बेटावर असंच धूड लागलं होतं, तेव्हाही हाच गोंधळ. तरी यूट्यूबवर प्लेसिओसॉर अजून जिवंतच आहे.