मला काही होतच नाही, मग रोज गोळी कशाला?

प्रश्न: मी ५४ वर्षांची शिक्षिका आहे. वर्षापूर्वी बीपी १६०/१०० निघालं आणि डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी रोज घ्यायला सांगितली. टेन्शन वाढून डोकं जड झालं की मी ती घेते; तासाभरात बरं वाटतं. एरवी मला काहीच त्रास नसतो. रोज घेतली की संध्याकाळी घोटे सुजतात, पण हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. परवा ते म्हणाले, "तुम्हाला आजाराचं गांभीर्यच नाही." फार लागलं. माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर: गांभीर्य नसतं तर तुम्ही पत्रच लिहिलं नसतं. गोंधळ असा आहे, की 'बीपी' म्हणताना तुम्ही दोघं दोन वेगळ्या आजारांबद्दल बोलताय. तुमचं बीपी डोक्यात असतं. ताण आला की चढतं, गेला की उतरतं. डॉक्टरांचं बीपी रक्तवाहिन्यांत असतं आणि बहुतेक वेळा तोंडातून शब्द काढत नाही. तुम्ही "काही होत नाही" म्हणता, तेव्हा त्यांना पुढच्या दहा वर्षांतला पक्षाघात दिसत असतो.

अमेरिकेत डॅन ब्लूमहेगन यांनी १९८० साली अशाच रुग्णांचा अभ्यास मांडला. हाय बीपीचं वैद्यकीय नाव हायपरटेन्शन; त्याचा अर्थ फार टेन्शन, असंच त्यांतल्या अनेकांना वाटत होतं. नावच तसं ठेवल्यावर रुग्णाने तरी काय करावं!

डॉक्टर म्हणून मीही यात ठेचकाळले आहे. एका बाईंना म्हटलं होतं, "गोळ्या घ्या, बीपी नॉर्मल होईल." तीन महिन्यांनी आल्या तेव्हा ते पुन्हा चढलेलं. "नॉर्मल झालं, म्हणून कोर्स थांबवला," त्या म्हणाल्या. मी चिडले. घरी गेल्यावर उमगलं, की त्यांचं गणित बरोबर होतं. माझंच वाक्य अर्धं होतं; गोळ्या चालू आहेत तोवरच नॉर्मल राहील, हे मी म्हटलंच नव्हतं. आता मी आधी विचारते: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? उपचारातून काय व्हायला हवंय? (प्रश्न उसने आहेत. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ सालीच ते सुचवले होते.)

तुमच्या डोकेदुखीचं म्हणाल, तर अ‍ॅम्लोडिपिन इतकं चटकन काम करत नाही. त्याचं रक्तातलं प्रमाण सहा ते बारा तासांनी शिखर गाठतं. तासाभरात उतरलेलं डोकं बहुधा आपोआप उतरलेलं असतं.

घोट्यांची सूज मात्र खरी. या औषधाने ती येते, डोस जास्त असेल तर अधिक. दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्या बाईला हे छोटं दुखणं नव्हे. डोस कमी करता येतो, दुसऱ्या गटातलं औषध देता येतं. पण त्यासाठी डॉक्टरांना ते कळायला हवं. त्यांना वाटतंय तुम्ही बेफिकीर आहात, आणि इकडे तुम्ही सूज चुकवताय.

जवळची अपॉइंटमेंट घ्या. तोवर यंत्र मिळालं तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा. आकड्यासमोर त्या दिवशी गोळी घेतली का आणि डोकं दुखत होतं का, तेही लिहा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर ती जास्तच धरतात. डोकं हलकं असलेल्या दिवशीचे आकडे मुद्दाम बघा. बोलणं अचानक अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला किंवा छातीत दुखलं, तर मात्र वही राहू द्या, थेट रुग्णालयात जा.

आणि घोट्यांचं बसल्या बसल्या पहिल्यांदा सांगा. निघताना, दाराशी उभं राहून नको.