खाऱ्या शेतात जवाची निवड करताना

इंदूरला रुजू झालीस, अभिनंदन. आता पेरणीआधी सगळं शेत पायी फिरून बघ. माळव्याच्या काळ्या मातीत खार सगळीकडे एकसारखा पसरत नाही. इथे पांढरी पापडी, तर चार पावलांवर जमीन गोड. पहिल्या वर्षी मी एका दणकट ओंबीवर फिदा झालो. पुढच्या हंगामात तो वाण पार बसला. माती तपासली तेव्हा कळलं, पठ्ठ्या गोड तुकड्यावर उभा होता! म्हणून दर आठ-दहा वाफ्यांनंतर तोच चेक वाण (तुलनेसाठी धरलेला ओळखीचा वाण) परत पेर आणि प्रत्येक वाफ्याची माती वेगळी तपास. कंटाळवाणं आहे, पण सुटका नाही.

जव तसा चिवट. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप, साधारण ८ डेसीसायमन प्रति मीटर होईपर्यंत उत्पादन फारसं ढळत नाही. गहू ६ च्या आसपासच कुरकुरतो. पण उगवताना तग धरलेलं रोप पुढे दाणा भरेलच असं नाही. दोन्ही वेळा नोंद घे. चोपण जमिनीचे आकडे मात्र वेगळे ठेव. तिथे सोडियममुळे मातीची घडण बिघडते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात.

वाण वेगवेगळ्या ठिकाणी किती स्थिर राहतो हे बघायला फिनले-विल्किन्सन यांची १९६३ ची पद्धत शिक, ती जवावरच बेतलेली आहे. प्रत्येक ठिकाणच्या सगळ्या वाणांच्या सरासरीसमोर एका वाणाचं उत्पादन आलेखावर मांडायचं आणि त्यातून सरळ रेषा काढायची. रेषेचा उतार कमी आला की लगेच हुरळू नकोस. सगळीकडे सारखंच कमी पिकणारा वाणही त्यात स्थिर दिसतो!